सासूबाईंचा होकार

गुडघेदुखीवरच्या आमच्या नव्या इंजेक्शनची चाचणी अखेर सुरू होणार होती! माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. माझे जुने पेशंट मी विचारल्याबरोबर तयार झाले होते. फक्त एक माणूस कमी होता, आणि तो आज मिळाला नाही तर सगळं पुढच्या वर्षावर जाणार होतं. सकाळी चहा घेताना मी सासूबाईंकडे विषय काढला. त्याही गुडघ्यांनी बेजारच.

"आई, तुम्ही याल?"

"येते की."

मी त्यांना चक्क मिठी मारली.

दुपारी नीतिसमितीच्या अध्यक्षबाईंनी मोडता घातला. चाचणीत येणाऱ्या माणसांवर अन्याय होऊ नये, हे बघणं त्यांचं काम. "घरचं माणूस? डॉक्टर, त्यांना तुम्हाला नाही म्हणता आलं पाहिजे."

मला हसूच फुटलं. "माझ्या सासूबाईंना? अहो, पडद्यांच्या रंगापासून माझ्या केस कापण्यापर्यंत त्या मला नाहीच म्हणत आल्यात!"

"मग एकदा आमच्यासमोर हो म्हणू देत. तुम्ही बाहेर थांबा."

सासूबाई आत गेल्या. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत समितीला मनातल्या मनात लाखोली वाहिली. तयारीला लागा, असा निरोपही उतावळेपणाने सहकाऱ्यांना पाठवून मोकळी झाले.

दार उघडलं. सासूबाई पर्स छातीशी धरून बाहेर आल्या.

"मी नाही म्हणाले गं."

माझा पारा चढला. "आई! आयत्या वेळी?"

"सुई म्हटली की माझ्या पोटात गोळा येतो. त्यातून औषध नवं. त्या बाई म्हणाल्या, नाही म्हणालात तरी सुनेचं काही बिघडणार नाही. मग म्हटलं, खरं ते सांगून टाकू."

"मग सकाळी मला हो कशाला म्हणालात?"

"या घरात आल्यापासून तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मागितलंस. नाही कशी म्हणू?"

मला भरून आलं. आणि त्याच क्षणी माझ्या पेशंटांचे हसरे, भराभर हो म्हणणारे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आले. सासूबाईंना बाकावर बसवून मी धावतच आत घुसले.

"बाई, बाकीच्यांनीही मलाच हो म्हटलंय! त्या सगळ्यांना पुन्हा विचारा. आजच बोलावते," मी धापा टाकत म्हणाले. "आणि मी बाहेर थांबते."