माजोकचं डावं शिंग

लग्न थोरल्या भावाचं झालं आणि बैल गेला आतेरचा. नवरीकडच्यांना द्यायच्या गुरांत काकांनी माजोकला परस्पर घालून टाकलं. गुरांच्या तळावर आतेरलाही सगळे माजोकच म्हणत. ज्याचा बैल, त्याला बैलाचं नाव. काळ्यापांढऱ्या माजोकची शिंगं कोवळी होती तेव्हा आतेरने ती भाल्याच्या पात्याने तासून वळवली होती. डावं खाली, नाकपुडीकडे. उजवं सरळ वर.

आता नवरीचा भाऊ वेक अंगाला राख फासून नाचाच्या रिंगणात उतरला आणि आतेरने रचलेलं गाणं स्वतःचं म्हणून गाऊ लागला.

"मी माजोक!"

लोकांनी ते उचललं की आतेरचं नाव संपलं.

वेकने शिंगांसारखे हात उभारले. डावा वर, उजवा खाली.

"उलटं!" आतेर ओरडला. "डोळे फुटले का रे तुझे? डावं खाली आहे!"

माणसं खुंट्याला बांधलेल्या बैलाकडे वळली. मग हशा उसळला.

"पाहुण्यांनी बैल समोरूनच बघितलाय गं!" एक मुलगी म्हणाली. "मागून चालायचं म्हणजे शेण तुडवावं लागतं ना!"

वेकचे हात खाली आले. नाचणारे थांबले. तो सरळ खुंट्याकडे गेला, भाला उचलला आणि माजोकचं डावं शिंग मुठीत धरलं.

"बैल माझा आहे," तो म्हणाला. "मी नाचतो तसं शिंग करून घेईन. नाहीतर बुडातून काढीन."

"मोठ्या बैलाचं शिंग बुडातून काढतात? रक्त थांबायचं नाही, मूर्खा!"

"मग मरेल. तुझं काय जातं?"

आतेरने काकांकडे पाहिलं. काका दुसरीकडे बघत होते. पातं शिंगाच्या बुडाला टेकलं. माजोकने मान झटकली.

"थांब," आतेर म्हणाला. "नाव घे. गाणंही घे. शिंगाला हात लावू नकोस."

"असं नाही. सगळ्यांसमोर मला हाक मार."

आतेरने हाक मारली.

"माजोक."

बैलाने कान टवकारले आणि दोरी ताणत तो आतेरकडे निघाला. वेकने त्याच्या नाकाडावर भाल्याचा दांडा हाणला.

"त्याला नको मारूस हाक. माझ्याकडे बघून बोल."

आतेरने वेकच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा हाक मारली.