डोमाचा गळा कोणी धरला?

"दात पाडा तिचे! दात पडले का मंत्र पडते!"

डोमाच्या अंगणात दीडशे माणसं जमली होती आणि मांडवाच्या खांबाला गिरजा बांधलेली होती. एक डोळा सुजून बंद, तोंडातून रक्त, पदर लाल. तळ्यातली मासळी विकून पोट भरणारी ही विधवा बाई. तिला मारणारे सगळे ओळखीचे होते. त्यातल्या निम्म्यांना मीच शाळेत शिकवलं होतं आणि त्या रविवारी मला त्याची लाज वाटली.

"हे देवाचं कोर्ट हाये! इथी वकील नाई, अपील नाई!" खाटेवर बसून गावचा मांत्रिक सुकलू महाराज ओरडत होता. न्यायाधीशांनी सकाळपासून दोन कोंबडे संपवले होते, एवढं मात्र सगळे सांगत होते.

आधी चमत्कार सांगते, कारण तो खरोखर घडत होता. डोमा झाडीपट्टीच्या नाटकांतला नावाजलेला गायक. मागच्या हिवाळ्यात वारला. मुलगा निकेशनं त्याची पदं कॉम्प्युटरवर भरून घेतली, बिनतारी स्पीकर आणला आणि दर रविवारी दुपारी चारला ओसरीवर लावू लागला. सगळं गाव ऐकायला यायचं. पण शेजारची गिरजा आली की डोमाचा खणखणीत आवाज एकदम बसायचा. घोगरा, बारीक, डब्यातून आल्यासारखा. ती उठून गेली की पुन्हा मोकळा. लोकांचे कान खोटं बोलत नव्हते.

सुकलूनं कारण हातोहात दिलं. "चेटकीण हाये! मेल्या माणसाचा गळा धरून राह्यली!" त्यानं परीक्षाही ठेवली, ती त्या रविवारी चारलाच. गिरजा नेहमीसारखी आली, आवाज बसला आणि काठ्या उठल्या. तेवढ्यात स्पीकरमधून बाईची किंकाळी आली, "सोडा! माह्या आईले सोडा!" मग तर लोक पिसाळलेच. चेटकीण यंत्रातून बोलते म्हणाले.

ती किंकाळी रंजीताची होती. गिरजाची मुलगी, माझी विद्यार्थिनी, नागपुरात नर्सिंग शिकते. गिरजाकडे मोबाईल नाही, म्हणून रंजीता दर रविवारी चारला निकेशच्या कॉम्प्युटरवर आईशी बोलायची. गावातलं नेटवर्क असं की चित्र कधी येत नसे, नुसता आवाज, तोही पदं चालू असल्यानं निकेश आणि गिरजाशिवाय कोणाला नीट कळत नसे. आईला मारताना तिनं ऐकलं आणि रडत मला फोन केला. मी आधी पोलिसांना कळवलं, मग आलापल्लीहून गाडी पिटाळली. पोलिसांना यायला तास लागणार होता. गिरजाजवळ तेवढा वेळ नव्हता.

मी तिच्यापुढे उभी राहिले. लटारू या माझ्याच जुन्या विद्यार्थ्याची काठी माझ्या खांद्यावर बसली.

"बाई, हटा! तुमाले लागन!"

"लागलंच की रे. आता पद ऐक आणि मग मार."

ओसरीवर गेले. "गळा धरणारी बांधलेली आहे ना? इथंच आहे ना?" सगळे हो म्हणाले. पद लावलं, तर आवाज घोगरा. मग रंजीताला "जरा थांब" म्हणून कॉलचा प्रोग्राम बंद केला. डोमाचा आवाज भरून आला, अंगणाच्या टोकापर्यंत. गिरजा खांबालाच होती.

"बाईनं मंत्र मारला!" सुकलू म्हणाला.

मी त्याचा हात ओढून माउसवर ठेवला आणि त्याच्याच बोटानं प्रोग्राम उघडला. डोमाचा गळा पुन्हा बसला.

म्हातारा लहानू पुढे आला. "काऊन जी महाराज? आता तर तुमीच धरला गळा!"

सुकलूनं माउसवरचा हात झटकन मागे ओढला. त्याच काठ्या आता त्याच्याकडे वळल्या. एक डोक्यात बसलीसुद्धा. मी किंचाळले, "खबरदार! त्याला पोलीस नेतील. तुम्हाला गिरजाच्या जागी बांधायला फक्त दुसरा माणूस हवा आहे!"

मग समजावून सांगितलं; शाळेतल्या स्पीकरवर मी हेच पाहिलं होतं. या स्पीकरमध्ये माइकही असतो. नुसतं गाणं लावलं तर तो सगळी ताकद गाण्याला देतो. कॉलचा प्रोग्राम उघडला की त्याला ऐकायचंही असतं आणि ऐकवायचंही, म्हणून तो फोनसारखा हलका आवाज काढतो. गिरजा आली की निकेश तिच्यासाठी प्रोग्राम उघडायचा, गेली की बंद करायचा.

"निकेश, ओरडणारी रंजीता आहे हे तुला माहीत होतं ना?"

त्यानं मान खाली घातली. "मालूम होतं, बाई. पण महाराज म्हणले, चेटकीण पोरीचा आवाज काढते."

दोऱ्या त्यानंच सोडल्या. मी कॉलसाठी स्पीकरचा माइक बंद करून कॉम्प्युटरचा लावला. अर्धं मिनिट लागलं. एवढ्याशा कामाऐवजी या गावानं एका बाईचा जबडा मोडला होता. रंजीता पुन्हा कॉलवर आली. "आई? बोल ना वं, आई!" आवाज आता अगदी स्वच्छ येत होता, पण गिरजाला तोंड उघडता येत नव्हतं. लटारू भिंतीला टेकून रडायला लागला. मला त्याची दया आली नाही.

पोलीस आले. सुकलूला नेलं, लटारूसह अकरा जणांनाही नेलं. गिरजाचा डोळा वाचला, चार दात गेले.

वाचकहो, नवल वाटण्यात पाप नाही. कारण कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, जाणणाऱ्याला विचारा, स्वतः करून बघा. त्याला वेळ लागला तर लागू द्या. तोवर काठी खाली ठेवा.