सुंदराबाईंची बीएसए

परळच्या त्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला सुंदराबाई पहिल्या भेटीत नाव सांगत, दुसऱ्या भेटीत चहा पाजत आणि तिसऱ्या भेटीत सांगूनच टाकत, "मी बीएसए चालवलीय. चांगली वीस वर्षं." समोरचा माणूस त्यांचे दुखरे गुडघे बघून नुसती मान डोलवी. शेजारच्या कौसल्याबाई मात्र तोंडावर म्हणत, "अगं, बीएसए म्हणजे सायकल ना? आमच्या प्रफुल्लकडे होती." मग सुंदराबाई अशा काही बघत, की कौसल्याबाईंना समोरचा चहा एकदम अगोड लागे.

खरं सांगायचं तर सुंदराबाई पुढच्या सीटवर उभ्या जन्मात बसल्या नव्हत्या. तरी त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

त्यांचे यजमान शामराव माझगावच्या गोदीत बोटींचे पत्रे ठोकायचे. लष्कराने भंगारात काढलेली विलायती बीएसए त्यांनी तुकड्यातुकड्याने विकत आणून स्वतःच्या हाताने उभी केली. तेव्हा ते राहायचे त्या चाळीतली पहिली मोटारसायकल आली ती बौद्धांच्या बिऱ्हाडात, आणि ती आवाज करतच आली. पण पत्रे ठोकून ठोकून शामरावांचे कान तिशीतच गेले होते. घरात ते ओठ वाचून निभावून नेत. रस्त्यावर मागून वाजणाऱ्या हॉर्नचे ओठ कुठून वाचणार? त्या गाडीला आरसाही नव्हता. मग नवराबायकोने आपसात एक भाषा काढली. सुंदराबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसत आणि त्यांचा उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर असे. एक थाप म्हणजे मागून गाडी येतेय. दोन थापा म्हणजे रस्ता मोकळा आहे, वळा. पंजा दाबून धरला की जागच्या जागी थांबा. एका बाजूला बसलेल्या बाईला पुढचंही दिसतं आणि मागचंही, हे गाडी बनवणाऱ्या साहेबालाही ठाऊक नसेल.

शामरावांचं बहिरेपण दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. लायसन गेलं असतं, आणि चाळ काही नावं ठेवायला मुहूर्त बघत नाही. उलट लोकच म्हणू लागले, "शामरावच्या पाठीला डोळे आहेत. मागे वळून न बघता काय गाडी मारतो!" सुंदराबाई ऐकत आणि पदराआड हसत. पुढे विलायतेतली कंपनीच बंद पडली, सुटे भाग मिळेनात, गाडी गिरगावातल्या एका शौकिनाकडे गेली. शामरावही गेले. घरात उरला एक फोटो. त्यात शामराव बीएसएवर ताठ बसलेले आहेत, एकटेच.

त्या फोटोवर नातवाचा, संघर्षचा, फार जीव. तो बँकेत चांगल्या हुद्द्यावर होता. एका संध्याकाळी तो मोबाईल नाचवतच घरात शिरला. "आजी, बीएसए परत आलीय! कंपनी पुन्हा सुरू झाली. दादरला शोरूममध्ये बघून आलो. तीच टाकी, तीच गोल हेडलाइट. मी घेतोय."

"घेतोय काय? घे!" सुंदराबाई म्हणाल्या. त्यांना एवढा आनंद झाला की गुडघ्याचं तेल तसंच राहिलं. आपली जागा परत आली, असंच त्यांना वाटलं.

शोरूममध्ये सगळे टाकी बघत होते, इंजिन बघत होते. सुंदराबाई सरळ मागे गेल्या आणि सीट दाबून बघितली, धरायची कडी हलवून बघितली, चाकाशेजारची साडीगार्डची जाळी बोटाने वाजवून बघितली. "भक्कम आहे," त्या म्हणाल्या. विक्रीवाला तरुण हसला. "कायद्याने लावावीच लागते आजी. पण पोरं दुसऱ्याच दिवशी काढून टाकतात, लुक जातो म्हणून." संघर्ष उगाच किल्लीशी खेळत राहिला. सुंदराबाईंच्या ते नजरेतून सुटलं, कारण माणूस खुशीत असला की निम्मा आंधळा असतो.

गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं. सुंदराबाईंनी ते उचलून त्यांच्याच हातात दिलं. "सरबत करा त्याचं, उन्हाचे दिवस आहेत." मग हात जोडून त्यांनी तिथेच त्रिसरण म्हटलं, टाकीवर मोगऱ्याचा गजरा ठेवला, आणि काम झालं.

पुढच्या शनिवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पायाला लागलं. उलगडलं तर साडीगार्ड. शेजारी मागची लांब सीटही होती. सुंदराबाईंनी वरून खाली वाकून बघितलं. गाडीवर एकट्यापुरती छोटी सीट बसवलेली होती, फोटोतले शामराव एकटे बसलेत तसं बसायला.

त्यांना फार लागलं ते. रडू नाही आलं, पण जाळी त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. रात्री त्यांनी संघर्षला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "आजी, उद्या सकाळी ग्रुपची राइड आहे, मरीन ड्राइव्हला. आजोबा कसे एकटे, राजासारखे बसायचे! मला तसंच पाहिजे गं. आणि तुझे गुडघे... तुला कुठे जायचं असलं तर मी टॅक्सी करून देईन ना."

सुंदराबाई गप्प बसल्या की घरात सगळ्यांना धाकधूक होई, पण संघर्ष झोपायला गेला होता.

सकाळी खालच्या गॅरेजमधला अवधूत शटर वर करतोय तोच सुंदराबाई सीट आणि जाळी घेऊन उभ्या. "लाव."

"आजी, संघर्षने काढायला सांगितलंय."

"आणि मी लावायला सांगतेय. दोघांत मोठं कोण?"

अवधूतने पाना उचलला.

संघर्ष जाकीट घालून खाली आला तेव्हा गाडी पूर्ववत झाली होती आणि शेजारी पांढऱ्या साडीतल्या सुंदराबाई डोक्यावर हेल्मेट चढवून उभ्या होत्या. "आजी, काय चाललंय? पोरं थांबलीत माझ्यासाठी!"

"थांबू देत. एकदा मला माझगावला ने. मग काढ काय काढायचं ते. मी परत नाही म्हणणार."

तो चडफडला, पण आजीला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. सुंदराबाई फुटपाथच्या कडेवर चढून सीटवर बसल्या. पाय एका बाजूला, उजवा हात नातवाच्या खांद्यावर.

गाडी लालबागच्या पुलाखालून निघाली आणि सुंदराबाईंचं वय मागे पडलं. मागून टेम्पोचा हॉर्न आला. हाताने आपसूक थाप दिली. भायखळ्याला मागे मोकळं दिसलं. दोन थापा. सिग्नलला संघर्षने मान वळवली. "आजी, सारखं काय थोपटतेस? मागचं दिसतंय मला." त्याने बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना दोन आरसे चकाकत होते.

सुंदराबाईंनी हात खांद्यावरून काढला आणि कडी धरली. चालवणाऱ्याचे कान शाबूत आणि वर दोन दोन आरसे. आता मागे बसलेली बाई म्हणजे नुसतं ओझं. वीस वर्षं आपण जे केलं ते आता दहा बोटांएवढी काच करते, या विचाराने त्यांना पहिल्यांदाच आपण म्हातारी झाल्यासारखं वाटलं.

गोदीच्या गेटासमोर संघर्षने गाडी उभी केली आणि दोघं उतरली. "इथेच यायचे ना आजोबा? पाठीला डोळे असलेले शामराव!"

सुंदराबाईंनी गेटाकडे बघितलं. नवऱ्याची शान आजवर त्यांनी पदराखाली झाकून ठेवली होती. पण पोरगं त्या शानेपायी एकटं बसायला निघालं होतं, आणि हे काही शामरावांना पटलं नसतं.

"तुझ्या आजोबांना ऐकू यायचं नाही," त्या म्हणाल्या. "इथेच गेले कान, हातोड्यांनी. हॉर्न, घंटा, काही नाही. पाठीला डोळे होते ते माझे."

आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थापांची भाषा करून दाखवली. एक, दोन, मग दाबलेला पंजा. संघर्षला त्यांचं बोलणं आधी मस्करी वाटलं, मग वाटेनासं झालं.

"पण फोटोत तर ते एकटेच आहेत."

"फोटोवाला मला म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा. झाले. पाच मिनिटांसाठी झाले. नाहीतर हे एकटे गेटाबाहेरही गाडी काढत नसत."

संघर्षच्या खिशातला मोबाईल वाजत होता, ग्रुपवाले असणार. त्याने तो बंद केला. तो गाडीवर बसला आणि आजी मागे नीट बसेपर्यंत थांबला. मग डावा आरसा हाताने आत वळवला, थोडा, अजून थोडा.

"अरे, आरसा बिघडवतोस काय? मागचं कसं दिसेल त्यात?"

"नाही दिसणार," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

सुंदराबाईंनी आरशात बघितलं. त्यात रस्ता नव्हता, टेम्पो नव्हता. त्यात हेल्मेट घातलेली एक म्हातारी होती, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

परळला घराकडच्या डाव्या वळणापाशी संघर्षने वेग कमी केला, पण वळला नाही. मागून बस येत होती. सुंदराबाईंनी कडी सोडली, खांद्यावर एक थाप मारली आणि बस जाऊ दिली. मग मान वळवून मागचा रस्ता नीट बघून घेतला, आणि दोन थापा दिल्या.