कट्ट्याखालची तहान

मी एक जुना लोखंडी पाइप आहे, पण शोधायला आलात तर दिसणार नाही. इस्लामपूरच्या बाजूला, कृष्णाकाठच्या पंपघराशेजारी मी पुरुषभर खोल पुरलेला आहे. माणसे मला 'अर्थिंग' म्हणतात. मित्रांनो, तारांवर आभाळातली वीज कोसळली, तर तिने पंपाकडे न जाता माझ्यातून निमूट जमिनीत उतरावे, हेच माझे काम. त्यासाठी भोवतीची माती ओली लागते. म्हणून १९७१ साली मला पुरताना कोळसा आणि मीठ घातले, आणि उन्हाळाभर रोज घागरभर पाणी घालायला सांगितले.

गंमत बघा! शेजारचा पंप अख्ख्या शिवारातल्या उसाला नदी पाजायचा, आणि मी एका घागरीची वाट बघायचो.

ती घागर आणायची हरणाबाई, पंप चालवणाऱ्या सयाजीची बायको. ओतता ओतता म्हणायची, "पी बाबा पोटभर. आमच्या मालकांचा हात सारका त्या खटक्यावर असतुय. त्यास्नी सांबाळ." अंधारात माझ्याशी बोलणारे तेवढे एकच माणूस होते.

एका चैत्रात ती लेकीच्या बाळंतपणासाठी उंब्रजला गेली. सयाजी पाणी घालू लागला. पण बाप्या माणूस रोज पाणी घालतो, वरून मीठही टाकतो, हे बघून भांगलणीच्या बायकांना वाटले, इथे देवच आहे. कुणी शेंदूर लावलेला दगड ठेवला, कुणी नारळ फोडला. पाणी संस्थेचे चेअरमन लालासाहेब मोठे भाविक. त्यांनी माझ्यावर सिमेंटचा कट्टा बांधायला काढला.

"आवं, आत पाणी जायाला भोक तरी ठेवा," सयाजी म्हणाला.

"गड्या, देवाच्या डोक्याला भोक पाडतोस व्हय रं?" लालासाहेब म्हणाले, आणि सगळे हसले. बायकांच्या देवाला नाही कोण म्हणणार? कट्टा भोकाविनाच पुरा झाला.

खोटे कशाला सांगू, आधी मी फुशारलो. मग माती सुकली, भेगाळली, माझ्या अंगापासून सुटली. वर उदबत्त्या जळत होत्या आणि खाली मी कोरडा ठाक. नारळाचे पाणीसुद्धा कट्ट्यावरच वाळून जायचे.

वैशाखात वळीव आला. भर दुपारी तारांवर वीज पडली आणि माझ्याकडे धावली. मी तिला खाली ढकलत होतो, पण माती तिला घेईना. ती उलटली आणि पंपघरात शिरली. सयाजी पंप बंद करायला खटक्याशी गेला होता. त्याचा जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला.

हरणाबाई परतली ती पहार घेऊनच. तिला अडवायला कुणी धजले नाही. कट्टा फोडून तिने घागर ओतली. मला वाटले, आता बोलेल. ती बोलली नाही.

मित्रांनो, त्याला आता काही वर्षे झाली. ती अजून रोज पाणी घालते, एक शब्दही बोलत नाही. तुमच्या विहिरीपाशी, शाळेच्या मागे माझी भावंडे असतील. त्यांच्यापुढे हात जोडू नका. वळवाच्या आधी घागरभर पाणी ओता. आणि जमले, तर ओतताना दोन शब्द बोला.