हाताला येईल ती कांडी

आमच्या ह्यांचा हात हलका. माजावर आलेली गाय कितीही बुजरी असो, पाठीवरून ह्यांचा तळवा फिरला की निवांत उभी राहते. गोठवलेल्या वीर्याची कांडी घेऊन हे गोठ्यागोठ्यात रेतन करत फिरतात. त्याच हाताचा मला संशय यायला लागला.

त्याचं असं झालं. नणंद संशोधन करते. गोठवताना वळूच्या वीर्यातले निम्मे शुक्राणू मरतात, ते जगावेत म्हणून तिनं त्यात जस्ताचे नॅनोकण मिसळले. डोळ्यांना न दिसणारे, धुळीहून बारीक. ह्यांच्या द्रव नायट्रोजनच्या गार टाकीत तिनं निळ्या आणि गुलाबी कांड्या भरल्या. कण एकाच रंगात.

"दादा, हाताला येईल ती काढायची. निवडायची नाही. कुठल्या गाईला कुठला रंग, तेवढं वहीत लिही."

"कण कशात, ते सांग की. सख्ख्या भावावर विश्वास नाही होय?"

"माझ्यावरसुद्धा नाही. रंग आमच्या साहेबांनी ठरवले, त्याची चिठ्ठी त्यांच्या कपाटात बंद आहे."

मग आमचीच गाय माजावर आली. कांडी वितळवायला मी कोमट पाणी धरून उभी. ह्यांनी झाकण काढलं, पांढरी वाफ पायांवर सांडली. चिमट्यात गुलाबी कांडी आली. ह्यांनी ती परत बुडवली. निळी काढली.

"अहो, निवडायची नव्हती ना?"

"तू पाणी बघ, गार होईल."

त्यानंतर माझे डोळे ह्यांच्या हातावरच. तरण्याताठ्या गाईला निळी. दोनदा उलटलेल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहिलेल्या, थकलेल्या गाईला गुलाबी. शेवटी विचारलंच.

"गुलाबी रंग बघ की तो, औषधासारखा! पावडर त्यातच असणार," हे कुजबुजले. "चांगल्या गाईच्या पोटी धातू कशाला घालू?"

मी नणंदेला कळवलं नाही. चूक माझीही.

गाभण तपासण्या झाल्या आणि नणंद आली. चेहऱ्यावर आनंद शोधावा तर सापडेना.

"चिठ्ठी उघडली. कण निळीत होते. निळीच्या शंभरात बहात्तर गाई गाभण, गुलाबीच्या एकतीस. साहेब नाचायचे तेवढे बाकी आहेत. हे छापून आलं की माझी नोकरी कायम."

"मग अशी का बसलीस?" मी विचारलं.

"प्रयोगशाळेत फरक जेमतेम दहा टक्क्यांचा होता, वहिनी. इतकं चांगलं खरं नसतं." वहीची पानं ती मागे-पुढे करत होती. "दादा, काही झालं होतं का?"

ह्यांचं लक्ष गोठ्याकडे. "निळीत होते? म्हणजे आपल्या गाईला..."

"आपल्या गाईला काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"मी निवडल्या," हे म्हणाले. "चांगल्या गाईंना निळ्या. तुझ्या पावडरीची भीती वाटली गं."

"किती वेळा?"

"प्रत्येक वेळी."

ती उठली, अंगणात गेली, साहेबांना फोन लावला. आवाज आत येत होता, जरासा ओला, पण सरळ. "सर, आकडे धरू नका... नाही, कण निकामी आहेत असं नाही म्हणत. अजून कळलेलंच नाही, असं म्हणतेय... हो, नोकरीचं माहीत आहे मला."

आत आली ती ह्यांच्याकडे न बघताच बोलली, "पुन्हा करायचं. या वेळी सगळ्या कांड्या एकाच रंगाच्या, वर नुसते आकडे."

"मग ओळखायच्या कशा?" ह्यांच्या तोंडून निसटलं.

आम्ही दोघी ह्यांच्याकडे बघत राहिलो.