विकतची वाहवा

घड्याळजीबुवांनी आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही अशा ठिकाणी, जिथलं लिहिलेलं ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता येत नाही.

झालं असं. बुवांच्या दुकानामागच्या खोलीत बाई, म्हणजे त्यांची बायको, लोकांचे जुने कपडे उसवून नव्याने बेतून द्यायच्या. दुपारी हात रिकामा झाला की त्याच कामाबद्दल एका ब्लॉकचेनवाल्या, म्हणजे एकदा लिहिलेलं कधीच न पुसणाऱ्या, साइटवर लेख लिहायच्या. तिथला कारभार मुलखावेगळा. लेख आवडला की वाचक मत देणार, मतामागे लेखकाला नाणी मिळणार, आणि ज्याच्यापाशी नाणी जास्त त्याचं मत जड. असं म्हटल्यावर मतं भाड्याने देणारे निघणारच की! मतयंत्रं म्हणे. यंत्राला नाणी पाठवा, लेखाचा पत्ता द्या, घटकाभरात लेख पहिल्या पानावर.

बाईंना या यंत्रांची भयंकर चीड. त्यांच्या स्वतःच्या लेखांना मतं पडायची तीन. एक बहिणीचं, एक नवऱ्याचं, एक चुकून. "चुकून का असेना, माणसाचं आहे," असं म्हणायच्या खऱ्या, पण रोज सकाळी मोबाइल उघडला की चेहरा एवढासा व्हायचा. बुवांना तो बघवेना. एके दिवशी त्यांनी गुपचूप यंत्राला नाणी पाठवली.

अबब! मतंच मतं! फाटक्या कोटाच्या अस्तरावरचा बाईंचा लेख थेट पहिल्या पानावर.

"अहो, लोक वाचतायत हो मला!" बाई कात्री टाकून ओरडल्या. बुवांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण त्याच उत्साहात बाईंनी कंबर कसली. पहिल्या पानावर विकत चढलेला एकेक लेख उघडा पाडायचा! तिथला सगळा व्यवहार कुणालाही बघता येतो, कायमचा. "सुरुवात माझ्याच लेखापासून करते. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, कशाला उगाच लोकांशी वैर?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गप बसा."

गप बसले. खरं नाव दिलंच नव्हतं, मग सापडायचं कसं? पण नाणी पाठवताना टिपेसाठी एक रकाना होता, आणि तीस वर्षं दुरुस्तीच्या प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी बांधणाऱ्या माणसाने तो रिकामा कसा सोडावा? बाईंनी मोठ्याने वाचलं:

"गिऱ्हाईक: घरचं. दोष: मन खट्टू. काम: पूर्ववत करणे. घाई आहे."

बाईंनी मोबाइल बुवांपुढे धरला.

"चुकलो," बुवा म्हणाले.

बाईंनी स्वतःच्याच लेखाला उलटं मत दिलं, यादीत पहिला गुन्हेगार म्हणून तोच लिहिला, आणि मग त्यांना रडू फुटलं. रागाचं नव्हे. दोन दिवस वाटलं होतं की कुणीतरी वाचतंय, ते गेलं म्हणून.

"मतं घेतलीत ती घेतलीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण तुम्ही तरी वाचलात का हो तो लेख?"

बुवांनी घसा खाकरला. लेख आला रे आला की ते पहिल्या मिनिटाला मत देऊन मोकळे व्हायचे. वाचायचं राहूनच जायचं. प्रत्येक वेळी.

"म्हणजे तुम्हीही यंत्रच!"

हे मात्र जिव्हारी लागलं. बुवांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, समोरचं घड्याळ उद्यावर ढकललं, दुकानाचं दार लोटलं आणि स्टुलावर बसून वाचायला घेतलं. बाई उगाचच एक सदरा पुन्हा पुन्हा घडी घालत राहिल्या. मध्येच बुवा खुदकन हसले.

"कुठे?" बाईंनी सदरा सोडला. "कुठल्या वाक्याला हसलात?"

"ते अस्तरात म्हाताऱ्याला बायकोचं पत्र सापडतं ना..."

"अहो, तिथे रडायचंय!"

"असं होय? थांब, पुन्हा पहिल्यापासून घेतो," बुवा म्हणाले. बाईंनी आपली खुर्ची त्यांच्या स्टुलाजवळ ओढली.