चिमटा

“हिच्या हातालाच यश नाही,” असं आमच्या गहू संशोधन केंद्राचे मोठे साहेब चारचौघांत म्हणाले आणि माझ्या नणंदेच्या हातातून चिमटा काढून घेतला. ती गव्हाचे संकर करते. आई मानलेल्या रोपाच्या ओंबीतले कोवळे परागकोश चिमट्यानं उपटायचे, वर कागदी पिशवी चढवायची, मग फुलं उमलली की बापाचे पराग सोडायचे. तिला कुंड्या धुवायला बसवलं आणि साहेब स्वतः चिमटा घेऊन शेतात उतरले. का, तर त्यांनी ठरवलेल्या संकरांतून नवं काहीच निघेना. दरवर्षी तोच तांबेरा रोगाला बळी पडणारा गहू. नाचता येईना, अंगण वाकडं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच, प्रयोगशाळेत, डीएनएतल्या खुणा वाचते.

“वहिनी, तू यात पडू नकोस. तुलाही कुंड्या धुवायला लावतील,” नणंद म्हणाली.

“लावू देत. घरी भांड्यांवरून भांडतो, इथं कुंड्यांवरून भांडू.”

मी संकराच्या रोपांची पानं तपासली, साहेबांच्या लाडक्या वाणांचीही. डीएनएत आईबाप जिथं वेगळे होते, तिथं प्रत्येक रोपात दोघांच्याही खुणा सापडल्या. म्हणजे तिचा एकही संकर फसला नव्हता. पण अशा जागा होत्याच बोटांवर मोजण्याइतक्या! साहेब दिसायला देखणे वाण निवडायचे, आणि ते सगळे एकाच घरातले निघाले. भावाबहिणींची लग्नं लावायची आणि पोरं वेगळी का दिसत नाहीत म्हणून मध्यस्थाला बोल लावायचा! कोपऱ्यातल्या वाफ्यातला लांब कुसळांचा कुरूप गहू मात्र सगळ्यांपासून दूरचा. नवं काही निघालं तर त्याच्याच जोडीतून, असा खुणांवरून अंदाज होता.

बैठकीत मी हे मांडलं. साहेब हसले.

“अगं, तिच्या हाताबद्दलचं ते मी गमतीत म्हटलं होतं. त्या कुसळवाल्याचा संकर तिलाच करू दे. आजच हवा, उद्या परागकोश आपोआप फुटले की ओंब्या हातच्या जातील.”

नणंद ओल्या हातांनी दारात उभी होती. “मग गमतीतच माफी मागा की, साहेब. इथंच, चारचौघांत.”

साहेबांनी खिडकीबाहेर शेताकडे पाहिलं. ओंब्या कुणाच्या मानासाठी थांबत नाहीत.

“चुकलं माझं,” ते पुटपुटले.

“ऐकू नाही आलं,” मी म्हणाले.

“चुकलं माझं!”

त्यांनी खिशातून चिमटा काढून दिला. नणंदेनं तो उजेडात धरला.

“टोक वाकलंय,” ती म्हणाली. “कुणाच्या हाताला यश नाही आलं, साहेब?”